मांसाची गुरं: अंगलट किती जनुकांची, किती बाजाराची?

प्रेअरीवाला (धागाकर्ता)

'ओळखा पाहू' धाग्यावर परवा कुणीतरी बेल्जियन ब्लू या मांसाच्या जातीच्या वळूचा फोटो टाकला होता. मांड्यांवर खोल खाचा, पाठीच्या मधोमध पन्हळ, कातडी अंगाला अपुरी पडावी इतकी ताणलेली. प्रतिसादांत अर्ध्या मंडळींनी 'फोटोशॉप' म्हणून निकाल लावला, उरलेल्यांनी 'इंजेक्शन' म्हणून. दोन्ही चूक. तो जन्मतःच तसा. मी नेब्रास्कात एका मांस प्रयोगशाळेत नोकरी करतो, रोज याच विषयात हात असतात, म्हणून वेगळा धागा काढतोय. धागा मांसासाठी पाळलेल्या गुरांचा आहे. ज्यांना विषयच नको त्यांनी इथूनच परतावं, राग नाही.

मायोस्टॅटिन नावाचं एक प्रथिन असतं. स्नायूंच्या वाढीला ते ब्रेक लावतं. १९९७ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अलेक्झांड्रा मॅकफेरॉन आणि से-जिन ली यांनी उंदरांत त्याचं जनुक बंद पाडलं, तर एकेक स्नायू दुपटी-तिपटीने वाढला. बेल्जियन ब्लूमध्ये हेच जनुक मोडलेलं आहे, हे त्याच वर्षी वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. त्यातला एक गट बेल्जियममधल्याच लिएज विद्यापीठाचा, मिशेल जॉर्ज यांचा. जनुकाच्या तिसऱ्या एक्सॉनमधली (एक्सॉन म्हणजे प्रथिनाची कृती लिहिलेला तुकडा) डीएनएची ११ अक्षरं गळालेली आहेत. त्यामुळे पुढचं सगळं वाचन चुकतं आणि प्रथिनाचा कामाचा भागच तयार होत नाही. इटलीच्या पिएमोंतेसे जातीत गळालेलं काही नाही, एकच अक्षर बदललंय, पण अगदी मोक्याच्या जागी: प्रथिनाच्या साखळीत ३१३ व्या स्थानी सिस्टीन हे अमिनो आम्ल हवं तिथे टायरोसीन येतं. फ्रान्सच्या लिमुझीनमधला बदल सौम्य. तिथे प्रथिन बनतं, पण जरा ढिलं काम करतं.

शेतकऱ्यांना अशी जनावरं फार आधीपासून माहीत होती. इंग्लंडच्या जॉर्ज कली यांनी १८०७ मध्ये त्यांचं वर्णन लिहून ठेवलंय. १९९७ ला फक्त कारण सापडलं.

या वासरांत जन्मतःच स्नायूतंतूंची संख्या जास्त असते, जवळपास दुप्पट. व्यायामाने तंतू जाड होतात, संख्या वाढत नाही, त्यामुळे कुठल्याही खुराकाने साधं वासरू असं होणार नाही. चरबी कमी, हाडं बारीक. कत्तलीनंतर सोललेलं धड (धंद्यातला शब्द कार्कस) जिवंत वजनाच्या ७० टक्क्यांपर्यंत भरतं. साध्या मांसाच्या जातींत हा आकडा ६० च्या आसपास.

आता माझा खरा मुद्दा. एवढं मांस देणारं जनुक हाताशी असताना जगभरच्या सगळ्या कळपांत ते का गेलं नाही?

आमच्याकडे धड शीतगृहात एक-दोन दिवस लटकलं की बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मधून काप देतात. पाठीच्या लांब स्नायूचा छेद उघडा पडतो, तो रिबआय. मांस आधी जांभळट दिसतं, थोडा वेळ हवा लागली की लालभडक होतं. त्या लालीवर पांढऱ्या चरबीची नक्षी किती बारीक आणि किती दाट, ते बघून प्रत ठरते: प्राइम, चॉइस, सिलेक्ट. ही नक्षी म्हणजे मार्बलिंग. पूर्वी फक्त डोळ्यांनी बघायचे, आता मोठ्या कारखान्यांत कॅमेरा असतो. छेदाचं क्षेत्रफळ मोजायला ठिपक्यांची पारदर्शक पट्टी वर ठेवून ठिपके मोजायची जुनी पद्धत आहे. ती पट्टी अजून माझ्या कोटाच्या खिशात असते.

जपान्यांचा काप सहाव्या-सातव्या बरगडीत. हॉटेलात मिरवतात त्या 'ए५' मधला ए हा धडातून विकाऊ मांस किती निघेल याचा, आणि ५ हा प्रतीचा. मार्बलिंगची वेगळी १ ते १२ अशी पट्टी.

आणि युरोप? तिथल्या सरकारी प्रतवारीत छेद घेऊन नक्षी बघतच नाहीत. धडाची बाहेरची ठेवण बघतात, मांड्या किती फुगीर आहेत ते बघतात, आणि वर चरबीचा थर किती ते. ई, यू, आर, ओ, पी अशा प्रती. दुहेरी स्नायूंची, म्हणजे बेल्जियन ब्लूसारख्यांची, धडं या पट्टीत मावेनात म्हणून वर आणखी एक 'एस' जोडली!

म्हणून बेल्जियममध्ये मोडकं मायोस्टॅटिन सोन्याच्या भावाचं, आणि आमच्या नेब्रास्कात त्याच धडाला नक्षी नाही म्हणून खालची प्रत. बाजार जे मोजतो त्याचंच जनुक कळपात साठत जातं. चर्चा या अंगाने झाली तर मजा येईल.

शंकासुर

धागा उत्तम. दोन शंका.

१) मार्बलिंगचंही असंच एखादं जनुक असणार ना? मग बेल्जियन ब्लूचं जनुक आणि ते जनुक एकाच वासरात घातलं की काम फत्ते.

२) यात चारापाण्याचा वाटा किती? गावाकडे म्हैस कशीही असो, सरकी-पेंड घातली की दूध वाढतंच.

निळीसावळी

मी बेल्जियममध्ये, नामूरजवळ राहते. ही गुरं इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चरत असतात, त्यामुळे 'फोटोशॉप' वाचून हसू आलं.

धागाकर्त्याने एक गोष्ट सोडली. या जातीची ९० टक्क्यांहून जास्त वासरं सिझेरियनने जन्मतात. वासरू रुंद, गायीच्या कमरेची हाडं अरुंद, वाटच नाही. आमच्या शेजारी गुरांचे डॉक्टर आहेत, त्यांच्या परवानगीने एकदा बघितलं. गाय उभीच असते. डाव्या कुशीचे केस भादरतात, त्या जागेपुरती भूल देतात, आणि उभा छेद घेऊन मागचे पाय धरून वासरू वर ओढून काढतात. गाय मधूनच समोरच्या गवताकडे तोंड नेत होती. वासरू गोठ्यात पेंढ्यावर, चीक बाटलीने, आणि डॉक्टर टाके घालता घालता मालकाशी सायकल शर्यतीच्या गप्पा मारतायत. त्यांना त्यात विशेष काहीच वाटत नाही. गाभण गाय म्हणजे सिझेरियन, हे हिशेबात धरलेलंच असतं, डॉक्टरांच्या बिलासकट.

प्राणीप्रेमी संघटना यावरून वर्षानुवर्षं भांडतायत आणि मला तरी त्यांचं पटतं. जी जात माणसाच्या सुरीशिवाय पुढची पिढी जन्माला घालू शकत नाही, ती वाढवायचीच कशाला?

पण गिऱ्हाईक तेच मागतं. इथे 'फिले अमेरिकँ' म्हणून पावावर लावायचा कच्च्या खिम्याचा प्रकार घराघरात खातात. कच्चं खायचं तर चरबीचा कण नको. नक्षीदार मांस इथल्या म्हाताऱ्या खाटकाला दाखवलं तर तो म्हणेल, हे साफ करायचं राहिलंय.

प्रेअरीवाला

@निळीसावळी, फिले अमेरिकँचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, झकास. सिझेरियन मुद्दाम मागे ठेवलं होतं. त्यात भर: या वासरांची जीभ कधीकधी इतकी मोठी असते की आचळ धरता येत नाही. शिवाय अंगाच्या मानाने काळीज आणि फुप्फुसं लहान, त्यामुळे उन्हात लवकर धापा टाकतात.

बेल्जियमबाहेर या जातीचा जास्त उपयोग रेतमात्रांपुरता होतो. दुधाच्या होल्स्टीन गायीला बेल्जियन ब्लूची मात्रा द्यायची. वासराला मोडकं जनुक एकाच बाजूने मिळतं, ते बेताचं मांसल होतं, गाय सहसा आपली आपण विते, आणि बिनकामाचा मानला जाणारा गोऱ्हा विकण्याजोगा होतो. युरोपात हे सर्रास चालतं.

@शंकासुर, पहिल्या शंकेचं उत्तर नाही असं आहे, आणि तीच या विषयातली खरी गोम. मार्बलिंगला शेकडो-हजारो जनुकं मिळून हातभार लावतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. २००० च्या सुमारास थायरोग्लोब्युलिन जनुकातली एक खूण 'मार्बलिंगची चाचणी' म्हणून बाजारात आली. लोकांनी पैसे मोजून वळू तपासले. नंतर स्वतंत्र तपासण्या झाल्या तेव्हा त्या खुणेचा प्रतीशी धड संबंध लागेना. त्याच सुमारास आलेल्या मऊपणाच्या चाचण्या मात्र बऱ्यापैकी टिकल्या. त्याचं कारण पुढे सांगतो.

शिवाय मांस जास्त आणि नक्षी जास्त ही दोन टोकं एकमेकांविरुद्ध ओढतात. मायोस्टॅटिन पूर्ण बंद झालं की स्नायू वाढतो आणि त्याच वेळी चरबी घटते. बाकीच्या जनुकांतही कल साधारण तसाच दिसतो.

दुसरी शंका. मार्बलिंगची आनुवंशिकता ०.४ च्या आसपास धरतात. एकाच कळपात, एकाच चाऱ्यावर, जनावरा-जनावरांत जो फरक दिसतो त्यातला साधारण ४० टक्के पुढच्या पिढीत जाणाऱ्या जनुकांमुळे. मांसाच्या गुणांसाठी हा आकडा चांगलाच मोठा. गाभण राहण्याच्या क्षमतेसाठी तो ०.१ च्या आसपास घुटमळतो. म्हणजे निवडीने मार्बलिंग पटकन सुधारतं, गाभण राहणं नाही. राहिलेला वाटा तुमच्या सरकी-पेंडीचा. जनुक उत्तम आणि खायला नुसता कडबा, तर नक्षी कुठून येणार?

तर्कटभट

हलके घ्या, पण जपानच्या वाग्यू गुरांच्या बाबतीत मालिश आणि बिअर हे ऐकत आलोय. आता तुम्ही जनुक म्हणता. आमचा नक्की कशावर विश्वास ठेवायचा?

प्रेअरीवाला

मालिश-बिअर पर्यटकांसाठी. क्वचित कुणी करत असेलही, पण मांस त्याने बनत नाही. खरा प्रकार कमी रंजक आणि जास्त क्रूर आहे: फुगवणीच्या मधल्या महिन्यांत जपानी शेतकरी चाऱ्यातलं अ जीवनसत्त्व मुद्दाम कमी ठेवतात. त्याने स्नायूंमध्ये चरबीच्या पेशी जास्त तयार होतात. हात जरा जास्त आखडला तर जनावर आंधळं होतं. जनावर अडीच वर्षांच्या आसपास कापतात, आमच्या अमेरिकन बैलांपेक्षा बरंच उशिरा.

पण हेच सगळं होल्स्टीनला केलं तर वाग्यू होत नाही. तिथे जनुकं लागतात, आणि ती कशी गोळा झाली ते बघण्यासारखं आहे. ह्योगो प्रांतात १९३९ साली ताजिरी नावाचा वळू जन्मला. २०१२ साली पाहणी झाली तेव्हा जपानमधल्या काळ्या वाग्यूच्या प्रजननाच्या गायींपैकी ९९.९ टक्के गायी त्याच्या वंशातल्या निघाल्या. सगळा देश एका आजोबांचा! प्रतवारी नक्षीवर पैसे देते, नक्षी या वंशात जास्त, मग प्रत्येकाने तोच वंश घेतला. गायी लाखोंनी आहेत, पण जनुकीय विविधता काही डझन जनावरांच्या कळपाएवढी. एखादा आनुवंशिक रोग अशा कळपात शिरला की बाहेर काढणं कठीण जातं.

साओपावलेकर

ब्राझीलहून नोंद. इथली बहुसंख्य मांसाची गुरं नेलोर, म्हणजे आपली आंध्रातली ओंगोल. वशिंड, लोंबती पोळी, पांढरा रंग, सगळं तसंच. इथल्या मालकांपुढे 'ओंगोल' म्हटलं की भारतीय माणसाकडे आदराने बघतात, आपण आंध्राचे नसलो तरी.

वियातिना-१९ ही नेलोर गाय बातम्यांत वाचली असेल. २०२३ मध्ये तिचा एक-तृतीयांश हिस्सा लिलावात विकला गेला, त्या हिशेबाने पूर्ण गायीची किंमत ४० लाख डॉलरच्या वर गेली. वजन ११०० किलो. तिचं दूध कुणी काढत नाही, कापणार तर मुळीच नाही. विकतात ती तिची अंडबीजं. प्रयोगशाळेत फलन करून दुसऱ्या गायींच्या पोटात वाढवतात.

आणि वशिंड इथे वाया जात नाही. त्याला 'कुपिं' म्हणतात, तासन् तास निखाऱ्यावर भाजतात. चरबी आणि तंतू एकमेकांत विणलेले असतात, घाईने भाजलं तर चामडं. नेलोरचं बाकीचं मांस मात्र खरं सांगायचं तर जरा चिवट असतं. असं का?

प्रेअरीवाला

छान ठिकाणी आणून सोडलंत. मऊपणाचं कारण सांगायचं राहिलंच होतं.

जनावर मेल्यावर स्नायू आधी ताठरतो, आणि मग काही दिवसांत आपोआप मऊ पडतो. हे काम करतं कॅल्पेन नावाचं विकर. मृत स्नायूत कॅल्शियम मोकळं होतं, त्याने कॅल्पेन जागं होतं आणि तंतूंना जागेवर धरून ठेवणारी प्रथिनं कापायला लागतं. म्हणून चांगलं मांस १४ दिवस वगैरे थंडीत मुरवतात. या कॅल्पेनला रोखणारं दुसरं प्रथिन म्हणजे कॅल्पास्टॅटिन. वशिंडवाल्या गुरांच्या स्नायूत मृत्यूनंतर कॅल्पास्टॅटिनची क्रिया जास्त असते, कॅल्पेनला वाव मिळत नाही, मांस चिवट राहतं. मगाशी म्हटलं की मऊपणाच्या चाचण्या टिकल्या, त्या याच दोन जनुकांतल्या खुणांवर होत्या. काम करणारं विकर आधी माहीत होतं, जनुक नंतर तपासलं. मार्बलिंगच्या बाबतीत असा एखादा नेमका धागा हातात नव्हता.

मऊपणा मोजतो कसा ते सांगतो, कारण लोकांना वाटतं आम्ही दिवसभर स्टेक चाखत बसतो. काप ७१ अंश सेल्सियसपर्यंत शिजवायचा, थंड होऊ द्यायचा, मग तंतूंच्या दिशेने अर्धा इंच व्यासाच्या नळीने गाभे पाडायचे. प्रत्येक गाभा इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेच्या पात्यात ठेवला की यंत्र तो आडवा कातरतं आणि किती जोर लागला तो आकडा देतं. हात गार पडतात, नखांत चरबी जाते, आणि दुपारच्या जेवणात मांस नकोसं होतं. मी डब्यात पिठलं-भाकरी नेतो.

आता बाजाराचा हिशेब. अमेरिकेतल्या ब्राह्मन गुरांचा वंश कांकरेज, ओंगोल, गीर आणि आपल्या कृष्णाकाठच्या गुरांचा. टेक्सस, फ्लोरिडाच्या उन्हात आणि गोचिडांत तीच टिकतात. पण 'सर्टिफाइड अँगस' या नावाने जास्त भावात मांस विकायचं तर अटींमध्ये एक अट अशी की धडावर दोन इंचांहून उंच वशिंड नको. प्रत्येक धडाचं कॅल्पास्टॅटिन कोण मोजणार? पट्टी लावून वशिंड मोजणं सोपं, म्हणून ते मोजतात.

टूवूंबाकर

ऑस्ट्रेलियातून. आमच्या 'मीट स्टँडर्ड्स ऑस्ट्रेलिया'मध्येही वशिंडाची उंची मोजतात, पण धड बाद करायला नाही. हजारो साध्या गिऱ्हाइकांना मांस खायला घालून गुण घेतले, त्यावरून सूत्र बसवलं. वशिंड, मार्बलिंग, धड कसं टांगलं होतं, किती दिवस मुरवलं, असं सगळं त्यात जातं आणि पूर्ण धडाऐवजी प्रत्येक कापाची वेगळी प्रत निघते. वशिंडवाल्या बैलाचाही एखादा काप चांगल्या प्रतीत बसतो. प्रेअरीवाल्यांच्या 'बाजार जे मोजतो' ला हा अपवाद म्हणावा का?

प्रेअरीवाला

पुरावाच म्हणेन. चव मोजायला लागलात, चवीला भाव मिळायला लागला.

विहीरकाठ

म्हणजे गोहत्येचं समर्थन चाललंय तर. महाराष्ट्रात बंदी आहे हे माहीत नसेल तर सांगतो.

व्यवस्थापक

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवर २०१५ च्या दुरुस्तीपासून बंदी आहे, म्हशींच्या नाही. ही माहिती सगळ्यांना आहे. हा धागा अन्य देशांतल्या गुरांच्या आनुवंशिकतेवर आहे. कायद्यावर बोलायचं असेल तर नवा धागा काढावा. इथले पुढचे तसे प्रतिसाद उडवले जातील.

माणदेशी

नमस्कार मंडळी. आम्ही खिलारवाले. वाचताना एकच डोक्यात येत होतं: आमचा शर्यतीचा खोंड बघा, पुठ्ठ्यावर पीळ दिसतो, अंगावर तोळाभर चरबी नाही. त्याच्यात हे मायोस्टॅटिन मोडलेलं असंल काय? आणि मोडून घेतलं तर आणखी पळंल काय?

डॉ_गोठा

माणदेशी भाऊ, मोडून घेऊ नका, हात जोडतो!

खिलारचा पीळ वेगळा. पिढ्यान् पिढ्या पळणारा, ओढणारा, उन्हात टिकणारा बैल तुमच्या पणजोबांनी निवडला. दुहेरी स्नायूच्या जनावरात जलद आकसणारे तंतू जास्त, दमसास देणारे कमी. त्यात छाती लहान. चार ढेंगांत जोर दाखवेल आणि मग फुफाट्यात बसेल. वर गायीचं सिझेरियन माणदेशात कोण करणार? मीच ना, रात्री दोन वाजता, मोबाइलच्या उजेडात.

आनुवंशिकतेवरच बोलायचं तर फलटणचं उदाहरण इथे यायला हवं. निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गॅरोल या बुटक्या मेंढीतलं फेक-बी जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणलं. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते, गॅरोल जुळी-तिळी देते. संकर करायचा आणि मग पुन्हा पुन्हा दख्खनी बाजूला वळवत न्यायचं. अंगलट दख्खनी राहते, जनुक तेवढं शिल्लक राहतं. त्यातून 'सुवर्णा' मेंढी तयार झाली. हे मायोस्टॅटिनसारखंच एकेकट्या, मोठ्या परिणामाच्या जनुकाचं काम. योगायोग असा की पेशींना 'वाढ', 'थांब' सांगणाऱ्या रेणूंच्या ज्या कुळात मायोस्टॅटिन येतं, त्याच कुळातल्या संदेशांचा ग्राहक फेक-बी मध्ये बदललेला आहे.

आणि तिथेही हिशेब द्यावा लागतोच. दोन कोकरं म्हणजे दोघांना पुरेल इतकं दूध आणि चारा हवा. धनगराला भटकंतीत ते जमलं नाही तर दुसरं कोकरू मरतं.

शंकासुर

डॉक्टर, +१. माझी एक जुनी शंका उरलीच आहे. दोन्ही टोकं एकत्र असलेलं जनावर कधी सापडतच नाही का?

प्रेअरीवाला

सापडतं. दहा हजार धडांत साधारण तीन. नक्षी प्राइमची आणि विकाऊ मांसाचं प्रमाणही सर्वोत्तम, म्हणजे यील्ड ग्रेड १. अडचण अशी की हे कळतं तेव्हा जनावर कापून, सोलून हुकाला लटकलेलं असतं. बाप म्हणून वापरणार कसं?

वेस्ट टेक्सस ए अँड एम विद्यापीठातल्या टाय लॉरेन्स यांच्या गटाने यावर जे केलं ते मला या क्षेत्रातलं सगळ्यात खट्याळ संशोधन वाटतं. कारखान्यात लटकलेल्या अशा धडांतून पेशी घेतल्या आणि क्लोन केले. २०१२ मध्ये 'अल्फा' नावाचा वळू जन्मला. दुसऱ्या अशाच धडापासून कालवडी केल्या, त्यांची नावं गॅमा. मेलेल्या जनावरांचं लग्न लावलं म्हणा ना. त्यांच्या वासरांची धडं तपासली तर सरासरीपेक्षा नक्षी जास्त आणि काढून टाकायची चरबी कमी निघाली. म्हणजे दोन्ही टोकांची जनुकं एका अंगात नांदू शकतात, एरवी त्यांची गाठ क्वचित पडते एवढंच.

बाकी सगळे साध्या वाटेने जातात: नोंदी. प्रत्येक वळूच्या संततीचे आकडे, जिवंत जनावरावर अल्ट्रासाउंडने घेतलेली रिबआयची मापं, आणि आता डीएनएवरच्या हजारो खुणा एकदम तपासून सगळ्यांची मिळून एक बेरीज. २००९ मध्ये गायीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तो मोंटानातल्या डॉमिनेट नावाच्या हेरफर्ड गायीचा. त्यानंतर हे काम स्वस्त झालं. परिणाम डोळ्यांना दिसतो. २००० च्या दशकात अमेरिकेत शंभरातली जेमतेम तीन धडं प्राइममध्ये जायची, आता दहाच्या आसपास. त्यात जास्त दिवस खुराकावर ठेवण्याचा आणि कॅमेऱ्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय जनुकांना देऊ नका.

तर्कटभट

इतकं करण्यापेक्षा कात्रीने जनुकच का बदलत नाहीत? हल्ली तर क्रिस्पर वगैरे घरोघरी.

प्रेअरीवाला

बदललंय की. नेलोरच्या वासरांत मायोस्टॅटिन तोडून झालंय, शोधनिबंध २०१५ चा. पण ताटात आधी आला तो मासा. मायोस्टॅटिन बिघडवलेला लाल सी-ब्रीम जपानमध्ये २०२१ पासून विकायला आहे. माशाला सिझेरियन लागत नाही.

मार्बलिंगसाठी मात्र कात्री कुठे चालवणार? हजार ठिकाणी?

निळीसावळी

माशाचं वाक्य खिशात टाकलं. शेजारच्या डॉक्टरांना ऐकवते, त्यांचा धंदा बुडेल म्हणून घाबरतील.

माणदेशी

डॉक्टरसाहेब, खोंडाचं समजलं. आता कामाचं विचारतो. माझ्याकडं शेळ्या हायत, उस्मानाबादी. बोकडं ईदला विकतो. एकाच वयाच्या दोन बोकडांत पाच-सात किलोचा फरक पडतो. मला डीएनए तपासायला परवडणार नाही. काय करू?

डॉ_गोठा

डीएनए राहू द्या. वही घ्या. प्रत्येक करडाच्या कानात बिल्ला, आणि वहीत आई कोण, बाप कोण, जन्म कधी, एकटं की जुळं, जन्माचं वजन, तीन महिन्यांचं वजन. लटकता काटा आणि एक गोणपाटाची झोळी, खर्च संपला. जुळ्यांची तुलना एकट्याशी करू नका, जुळं दुधाला कमी पडतं म्हणून हलकं दिसतं आणि आपण जुळ्यांचाच वंश कापून खातो. दुसरं म्हणजे सगळ्यात जड बोकड ईदला पाठवायची घाई नको. दरवर्षी चांगला भाव मिळतो म्हणून उत्तमातला उत्तम नर विकून टाकायचा आणि उरलेल्यांकडून पुढची पिढी घ्यायची, हे मी प्रत्येक गावात बघतो. त्यातले दोन ठेवा. आणि दोन-तीन वर्षांनी बोकड बदला, नाहीतर त्याच्या लेकींनाच तो लागतो.

माणदेशी

वही करतो. पण बाप कोण हीच अडचण. चार बोकडं कळपात मोकळी असत्यात, कुणाचं कोण कळत नाही. आधी त्यांना बांधतो, मग लिहायला घेतो. काटा कुठला घेऊ तेवढं सांगा, घड्याळाचा का डिजिटल?

डॉ_गोठा

पन्नास किलोचा घड्याळाचा. डिजिटलचा सेल ऐन वेळी जातो.